मासाळ सरांची खात्री

मासाळ सरांना कुणी पत्ता विचारला की माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा कॉलेजच्या फाटकात एका पाहुण्यानं त्यांना विचारलं, "हळदीच्या बाजाराला कुठनं जायचं?" सांगलीत कुणीही चालता चालता हात करून दाखवावा असा हा प्रश्न. सर थांबले. डोक्यावरचे दाट, ताठ केस मागं सारत त्यांनी रस्त्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मी जातो तो रस्ता मला ठाऊक हाय. पण काल तिथं खणत होते. आज बुजवलंय का ते मी बघितलेलं न्हाई." पाहुणा माझ्याकडं बघायला लागला. मी हात करून दिशा दाखवली आणि तो गेला.

"तुम्ही बघितलंत का बुजवलेलं?" सरांनी मला विचारलं.

"नाही."

संध्याकाळी ते सायकल काढून मुद्दाम तिकडं जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बुजवलंय." माझ्या हातून एखादं पाप होता होता टळावं, तसं त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं.

बिराप्पा मासाळ हे त्यांचं पूर्ण नाव. जतकडच्या माळावरचं एक लहानसं गाव त्यांचं. वडील मेंढरं राखायचे. पावसाळा सरला की सगळं घर कळपामागं गाव सोडायचं. त्या घरातून शाळेत टिकलेले पहिले तेच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आम्ही दोघं सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. ते विजेच्या विभागात, मी गणिताचा. एकाच खोलीत आमची टेबलं समोरासमोर होती. वर्गात ते इंग्रजी बोलायचे, प्राचार्यांसमोर पुस्तकी मराठी, आणि विचारात पडले की गावाकडची बोली आपोआप तोंडात यायची. त्यामुळं ते कधी विचारात आहेत हे मला मान वर न करताही कळायचं.

बिघडलेल्या वस्तूला ते लगेच हात लावायचे नाहीत. पंखा असो, प्रयोगशाळेतला मीटर असो, नाहीतर प्राचार्यांच्या टेबलावरची घंटा असो, आधी स्टूल ओढून तिच्यासमोर बसायचे. आजूबाजूचे लोक कारणं सुचवत असायचे. सर म्हणायचे, "काय बिघडलंय ते मागनं बघू. काय काय नीट हाय, ते आधी बघू." ही रीत त्यांनी वडिलांकडून घेतली होती. कळपातलं मेंढरू कमी वाटलं की वडील शोधायला धावत सुटत नसत. आधी राहिलेली सगळी एका जागी आणून उभी करत. मग नक्की कुठलं गेलंय ते कळे, आणि पुष्कळदा कुठलंच गेलेलं नसे.

माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती आणि तिथं सगळी पंचाईत व्हायची. आमच्याच एका सहकाऱ्याचं लग्न ठरत होतं. मुलीचे मामा चौकशीला स्टाफरूममध्ये आले. "मुलगा स्वभावानं कसा आहे?" सर म्हणाले, "कॉलेजात चांगला आहे. घरी कसा आहे ते मला सांगता येणार नाही. मी त्याच्या घरी राहिलेलो नाही." मामांचा चेहरा उतरला. "व्यसन वगैरे?" "माझ्यासमोर केलेलं नाही." मामा उठून गेले. ते लग्न मोडता मोडता वाचलं, आणि तो सहकारी पुढं बरेच दिवस सरांशी बोलत नव्हता. सर मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "मी वाईट काय बोललो?" खरंच ते एक अक्षरही वाईट बोललेले नव्हते.

अशात आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. टेबलावर मावेल एवढा. तोवर कॉम्प्युटर म्हणजे मुंबईतल्या मोठ्या कचेऱ्यांत अख्ख्या खोलीभर पसरलेली कपाटं, एवढंच आम्ही ऐकून होतो. हा दिसायला थोराड टाइपरायटरसारखा. पुढं बटणं, वर लाल अक्षरांची एकच ओळ उमटायची अरुंद काच, आणि बाजूनं कागदाची पट्टी बाहेर यायची. बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा आणि काचेवर लाल रेघ उभी राहायची. ती रेघ बघायला बाकीच्या विभागांतली माणसं यायची. मासाळ सर मुंबईला जाऊन त्याचं शिक्षण घेऊन आले होते, त्यामुळं खोलीची किल्ली त्यांच्याकडं.

त्यांच्या हाताखाली शालन निकम होत्या. ऑफिसात टायपिस्ट म्हणून हंगामी लागलेल्या. नवरा फौजेत, लांब आसामकडं. माहेर साताऱ्याचं, इथं मावशीकडं राहायच्या. टायपिंगचा हात असा की आवाजावरून वाटावं पाऊसच पडतोय. सरांनी त्यांना यंत्रावर आकडे भरायला बसवलं, तर महिनाभरात त्या आमच्यातल्या निम्म्या प्राध्यापकांपेक्षा सराईत झाल्या. सरांनी त्यांचं कधी तोंडावर कौतुक केलं नाही. पण एकदा मला म्हणाले, "निकमबाईंनी भरलेले आकडे मी आता परत तपासत न्हाई." मासाळ सरांच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. बाईंनी ती ऐकली नव्हती, एवढंच.

जवळच्या एका साखर कारखान्याचे संचालक हा कॉम्प्युटर बघायला येणार होते. उसाची बिलं यंत्रावर कशी निघतात ते दाखवायचं, आणि त्यांना पटलं तर ते कॉलेजला नवी प्रयोगशाळा बांधून देणार, असं चाललं होतं. प्राचार्यांनी खोलीला रंग दिला, पाहुण्यांसाठी सोफा आणून ठेवला. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी बटण दाबलं तर काही नाही. घरघर नाही, लाल रेघ नाही. काच नुसती काळी.

मी गेलो तेव्हा सर स्टूलवर बसलेले होते. दारात ही गर्दी.

"व्होल्टेज कमी असेल," कुणी म्हणालं.

सरांनी टेबलावरचा दिवा त्याच प्लगला लावला. लख्ख पेटला.

"फ्यूज?"

फ्यूज काढून बघितला. चांगला होता. मग यंत्राची वायर काढली, शेजारच्या बाकावर सरळ पसरली आणि तिच्यातून बल्ब लावून बघितला. तोही पेटला. झाकण उघडलं, आतल्या सर्किटच्या पट्ट्या एकेक करून उपसल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या. वायर जागेवर लावून बटण दाबलं. काच काळीच.

"हळदीची धूळ हो," आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले. "बाजारातनं उडून येते. सगळ्या सांगलीच्या फुप्फुसात गेलीय, यात गेली नसेल?" शिपाई तुकारामाचं म्हणणं, यंत्र आणलं तेव्हा नारळ फोडला नव्हता. सर प्रत्येकाचं गंभीरपणे ऐकून घेत होते. तुकारामालाही त्यांनी विचारलं, "मग इतके दिवस चाललं कसं?"

तेवढ्यात निकमबाई पुढं झाल्या. "सर, काल जाताना मी वरनं ओल्या फडक्यानं पुसलं होतं. रोज पुसते तसंच."

त्या बोलल्या नसत्या तर कुणाला कळलंही नसतं. सरांनी विचारलं, "फडकं किती ओलं होतं?"

"पिळून घेतलेलं."

"पाणी गळत नव्हतं ना?"

"न्हाई, सर."

प्राचार्य मागं येऊन उभे होते. संचालक येणार म्हणून त्यांची झोप आधीच उडालेली. ते एकदम म्हणाले, "म्हणजे पाणी आत गेलं! मासाळ, बाईंच्या हातून झालं हे?"

सरांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. पत्ता सांगताना घ्यायचे तसा. त्या वेळात खोलीतला प्रत्येक माणूस बाईंकडं बघत होता. मग सर म्हणाले, "आत्ताच तसं म्हणता येणार नाही. पण नाकारताही येणार नाही."

प्राचार्यांना पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. निकमबाई मात्र प्राचार्यांकडं नव्हे, सरांकडं बघत राहिल्या. रागानं नव्हे. अनोळखी माणसाकडं बघतात तसं.

दुपारी प्राचार्यांनी त्यांना सांगितलं, चौकशी होईपर्यंत येऊ नका. हंगामी बाईला कागद तरी कशाला लागतो! त्या छत्री घेऊन निघून गेल्या. सर तेव्हा यंत्राचं पोट उघडून बसले होते. बाई गेल्या हे त्यांना चहाच्या वेळी कळलं. "का?" त्यांनी मला विचारलं. "मी तर नाकारता येत न्हाई एवढंच म्हणालो. कारण सापडलं की कळेलच की." आणि पुन्हा कामाला लागले, अधिक नेटानं. कारण सापडलं की सगळं आपोआप जागेवर येईल, बाईसुद्धा, अशी त्यांची समजूत होती.

पुढचे दिवस विलक्षण गोंधळात गेले. मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर आला. चांगला अंगापिंडानं भरलेला. त्याला मागं जाता येईना म्हणून त्यानं टेबल पुढं ओढलं, मागनं सगळं बघितलं, बटण दाबलं, आणि पंखा घरघरायला लागला. लाल रेघ उभी! इंजिनिअर हसला. "मशीन ठीक आहे तुमचं." दिवसभर चालवून दाखवलं, मिसळ खाल्ली आणि गाडीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काच काळी. प्राचार्यांनी मुंबईला फोन लावला, तर तिकडून विचारणा झाली, तुमच्याकडं ते चालवायला येतं ना कुणाला?

सर खचले नाहीत, पण हरवल्यासारखे झाले. जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. मला मध्येच विचारायचे, "एकच गोष्ट नीट पण हाय आणि बिघडलेली पण हाय, असं तुमच्या गणितात होतं का?" मी नाही म्हणायचो. "इथं होतंय," ते म्हणायचे. एकदा यंत्राच्या काळ्या काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसलेले मला दिसले. मी तसाच परत फिरलो.

शेवटी त्यांनी बिघाड शोधणं सोडलं आणि यंत्र चाललं तो दिवस आठवायला बसले. इंजिनिअरनं काय केलं? काहीच केलं नाही. फक्त टेबल ओढलं. मग टेबल परत भिंतीला कुणी लावलं? तुकारामानं. का? सोफ्याला जागा पाहिजे म्हणून. आणि बिघाडाच्या आधी? तेव्हाही, सोफा आला त्या आदल्या संध्याकाळी, टेबल भिंतीला रेटलं होतं. सर उठले. टेबल हातभर पुढं घेतलं, बटण दाबलं. घरघर, लाल रेघ. टेबल मागं ढकललं. काळोख. पुन्हा पुढं. रेघ. लहान मूल खेळतं तसं ते किती वेळ पुढं-मागं करत होते. मग वायर उपसली आणि ब्लेडनं चिरली. वरचं रबर चांगलं धड, आतली तार तुटलेली. भिंतीला दाबली गेली, वाकली, की टोकं सुटायची. सरळ केली की चिकटायची. बाकावर तपासताना त्यांनी ती सरळच पसरली होती.

नवी वायर लावली, संचालक आले, उसाची बिलं निघाली, टाळ्या झाल्या. चहा चालू असताना सर प्राचार्यांपाशी गेले. "निकमबाईंना बोलवायला पाहिजे. त्यांचा दोष नव्हता."

"हो हो, बघू," प्राचार्य म्हणाले. पण त्या जागी एका विश्वस्तांची पुतणी येऊन बसली होती, हे सरांखेरीज सगळ्यांना दिसत होतं.

बाई मावशीकडंही नव्हत्या, साताऱ्याला परत गेल्या होत्या. त्या शनिवारी मी वाईला घरी निघालो होतो. सर म्हणाले, "साताऱ्यापर्यंत मी येतो. त्यांना सांगायला पाहिजे." एसटीत ते मांडीवर कागदाची पुडी घेऊन बसले. पुडीत तुटक्या वायरीचा तुकडा होता. कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं, ते पुडी सोडेनात. "हे बघितल्यावर त्यांना बरं वाटेल," एवढंच म्हणाले.

साताऱ्याला मीही उतरलो. मावशीनं सांगितलं होतं तसं, निकमबाई पोवई नाक्याजवळच्या एका टायपिंगच्या क्लासात शिकवत होत्या. पाच-सहा मुली, तितकीच यंत्रं, आणि त्यांची खडखड. आम्हाला बघून बाई उठल्या. "आवं सर, तुमी? बसा की." खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. आधी होत्या तशाच, उलट जरा मोकळ्या.

सरांनी पुडी सोडली. "बाई, ही वायर तुटली होती. आतल्या आत. वरनं दिसत नव्हती. तुमच्या फडक्याचा काही संबंध नव्हता."

बाईंनी तुकडा हातात घेतला, बघितला, परत दिला. "मला ठाऊक होतं, सर."

"वायर तुटलेली?" सरांनी दचकून विचारलं.

"वायर न्हाई हो. माझ्यानं झालं न्हाई, हे ठाऊक होतं. फडकं मी रोज पिळून कोरडं करत होते."

"पण तपासल्याशिवाय कसं..."

"मशीन तपासायचं होतं तुमाला," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण खडखडीतही नीट ऐकू आला. "मला काय तपासायचं होतं? मला तर तुमी रोज बघत होता."

एका मुलीनं "बाई, झालं" म्हणून हाक मारली. बाई उठून तिचा कागद बघून आल्या. तोवर सर तसेच बसून होते, हातात पुडी, चहावर साय धरलेली.

"साहेब वरडले त्याचं मला कायबी वाटलं न्हाई," बाई बसता बसता म्हणाल्या. "ते वरडणारच. पण तुमाला इचारलं तवा मी म्हटलं, सुटले. आता सर सांगतील. आणि तुमी इचार करायला लागला."

"मग मी काय म्हणायला पाहिजे होतं?" सरांनी विचारलं. वाद म्हणून नव्हे. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि ते कळावं म्हणून ते इतक्या लांब आले होते, हे मला त्या क्षणी कळलं.

बाई हसल्या. "आता मी काय शिकवू तुमाला!"

परत कामावर येण्याचं सरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, इथं बरं हाय, घर जवळ हाय. आम्हाला पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. सरांना वाकून नमस्कारही केला. तो त्यांनी अशा अवघडल्या चेहऱ्यानं घेतला, की मी दुसरीकडं बघितलं.

स्टँडकडं चालताना सर एकदम थांबले. "तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"बाईंनी केलं नाही, म्हणालो असतो."

"पुराव्याशिवाय?"

"हो."

"आणि मग त्यांनीच केलं असं निघालं असतं, तर?"

माझी वाईची गाडी लागली होती. खिडकीतून मी हात केला, पण सर माझ्याकडं बघत नव्हते. सांगलीची गाडी कुठं लागते ते एका कंडक्टरला विचारत होते.

त्यानंतर वर्षभरानं मला पुण्याला नोकरी मिळाली. सोडून जायच्या आठवड्यातली गोष्ट. विजेच्या प्रयोगशाळेतला एक नवा मीटर नाहीसा झाला. किल्ली तुकारामाकडं असायची. प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं, मासाळ सरांनाही बोलावलं. मी माझ्या राजीनाम्यावर सही घ्यायला आत उभा होतो. तुकाराम टोपी हातात घेऊन कोपऱ्यात. घाम पुसत होता. खरं सांगायचं तर तो मला निर्दोष माणसासारखा दिसत नव्हता. पण घाबरलेला माणूस जसा दिसतो, तसाच दिसत असेल.

"मासाळ," प्राचार्य म्हणाले, "यानं नेला असेल का?"

"न्हाई," सर म्हणाले.

इतक्या पटकन, की प्राचार्यांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. "तुम्ही शोधलंत सगळीकडं?"

"अजून न्हाई शोधलं."

"मग कशावरून म्हणता?"

"कशावरून न्हाई. त्यानं न्हाई नेला."

तुकारामानं मान वर केली. प्राचार्य चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "बरं. जा रे तू."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. सर माठातलं पाणी घटाघटा प्यायले. मी हळू आवाजात विचारलं, "सर, तुमची खात्री आहे?"

"खात्री?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत निव्वळ गोंधळ होता. "कसली खात्री! मला कायबी ठाऊक न्हाई."

"मग?"

"मग काय... उद्या येईल की तो कामाला."

तासाची घंटा झाली. सर दोन पावलं फाटकाकडं गेले, थांबले, परत वळले. "माझा वर्ग आज कुठं हाय हो?" मी वरच्या मजल्याकडं बोट केलं. "व्हय, व्हय," म्हणत ते जिना चढायला लागले. कठड्याला धरून, एकेका पायरीकडं नीट बघत. वळणावर मुलांचा घोळका खाली उतरत होता, त्यात त्यांचे ताठ केस क्षणभर दिसले, मग दिसेनासे झाले. तो मीटर पुढं कधी सापडल्याचं मी ऐकलं नाही.